आहे तशी मान

घड्याळजींचं डोकं खाटेला टेकत नव्हतं. डोकं आणि गादी यांच्यामध्ये चांगली वीतभर पोकळी राहत होती, आणि अपघात विभागातला ब्रदर त्यांच्या कपाळावर तळहात ठेवून ती हळूहळू कमी करत होता.

"काका, मान सैल सोडा. किती ताठ धरलीय!"

"मी कुठे धरलीय," घड्याळजी म्हणाले. "तीच धरून बसलीय."

सकाळी आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर ढकलताना त्यांचा पाय सटकला आणि ते पाठीवर खाली आले. तीनच पायऱ्या. पण पडलेल्या माणसाला सपाट निजवायचं, गळ्याला पट्टा बांधायचा आणि फोटो निघेपर्यंत मान हलू द्यायची नाही, असा इथला नियम. पट्टा तीनदा बांधून पाहिला. तिन्ही वेळा हनुवटीत रुतला.

"दाबू नका!" पडदा सारून त्यांची बायको आत आली.

"काकू, बाहेर थांबा."

"थांबते. आधी तो हात काढा. त्यांची मान अशीच आहे."

ब्रदरने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या तरुण होत्या, सकाळपासून उभ्या होत्या. "हाड मोडलं असेल तर मान सरळच ठेवावी लागते, काकू. त्यांच्या भल्यासाठीच चाललंय."

"अहो, पण ती सरळ होती कधी? बावीस वर्षं झाली."

"हाताला मुंग्या आल्यात," घड्याळजी मध्येच म्हणाले. "दोन्ही हातांना. आत्ताच."

"हात काढ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चटका बसावा तसा ब्रदरने हात उचलला.

त्यानंतर काकूंना बाहेर जा असं कोणी म्हटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी कसे झोपतात?"

"दोन उशा, वर चादरीची घडी. उशा जुन्या, दबलेल्या. फुगीर चालत नाहीत."

इथली उशी फुगीर होती. तेव्हा एक उशी आणि वर चादरी, असं ठरलं. ब्रदरने दोन्ही हातांनी डोकं जिथल्या तिथे तोलून धरलं, डॉक्टरीणबाई घड्या सरकवत गेल्या, आणि काकू वाकून बघत राहिल्या. "अजून एक. हं. आता बास."

"मुंग्या?"

"ओसरतायत."

डॉक्टरीणबाईंनी आपली बोटं दाबायला लावली, पायाचे अंगठे हलवायला लावले, कापसाचा बोळा तळव्यांवरून फिरवला. सगळं ठीक होतं. "लोकांना वाटतं, भिंग लावून लावून मान वाकली," काकू कोणी न विचारताच सांगू लागल्या. "तसं नाही. आतले मणकेच एकमेकांना चिकटलेत. मलाही आधी कुठे माहीत होतं? ताठ बसा, ताठ बसा म्हणून मीच रोज मागे लागायचे."

एक्स-रेमध्ये मणके सुटे दिसतच नव्हते. सगळी मिळून एकच अखंड दांडी. भेग कुठेच नाही.

"वरचे पाच दिसतायत," एक्स-रे काढणारा म्हणाला. "खालचे दोन खांद्यांमागे लपलेत."

"खांदे खाली ओढून पुन्हा काढायचा?"

"ह्यांचे? मी नाही ओढणार, मॅडम."

घड्याळजींचे कान तिखट होते. "भेग नाही ना? मग सोडा मला. मान काय, रोजच दुखते. अकराला एक गिऱ्हाईक यायचंय."

त्यांना आपला चेहरा दिसावा म्हणून डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेला आल्या. "काका, रोजचं दुखणं आणि आजचं, एकच आहे का?"

बंद पडलेलं घड्याळ कानाशी धरावं, तसा त्यांनी मानेचा कानोसा घेतला.

"नाही," ते म्हणाले. "रोजचं माझ्या ओळखीचं आहे. हे परकं आहे."

डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन करून सीटी स्कॅनसाठी नंबर मागून घेतला. उशी आणि चादरींसकट घड्याळजींना तिकडे नेलं. आणि तिथे, अगदी खाली, सहाव्या आणि सातव्या मणक्यांच्या मधून ती भेग दिसली. आडवी, केसाएवढी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. वाळकी काडी मोडावी तशी मान मोडली होती.

"पण मज्जारज्जू शाबूत आहे," डॉक्टरीणबाईंनी काकूंना सांगितलं. "उद्या सकाळी ऑपरेशन. स्क्रू लावून जोडतील."

"सरळ करणार?"

"नाही. आहे तशीच जोडणार."

काकूंनी पदराने तोंड पुसलं.

बेसिनपाशी ब्रदर कितीतरी वेळ हात धूत होता. "अजून थोडं दाबलं असतं तर, मॅडम?"

"दाबलं नाहीस ना," त्या म्हणाल्या. "आणि दाबायला मीच सांगितलं होतं."

दुपारी वॉर्डात मानेला मार लागलेले आणखी दोघं होते. दोघंही पट्ट्यात, छताकडे बघत पडलेले. त्यांना भेटायला येणारा प्रत्येक जण खाटेवर ओणवा होऊन आपलं तोंड दाखवत होता. घड्याळजी मात्र घड्यांच्या चढावर डोकं ठेवून समोर बघत होते. काकू पायथ्याशी स्टुलावर बसल्या होत्या.

"तिकडे येऊन बसू का, डोक्याशी?"

"नको," ते म्हणाले. "तिथेच बस. तिथून तू अख्खी दिसतेस."