सुरक्षा सप्ताहातले रुमाल

ॲसेटिक ॲनहायड्राइडच्या कारखान्यात तीस वर्षं काढल्यावर उकिडवेसाहेबांचं नाक व्हिनेगरच्या वासाला मेलं होतं. त्यामुळे मनगटावर सक्तीची सत्यपट्टी बांधूनही ते निर्धास्त भाषण ठोकत. खोटं बोललं की घामाने पट्टीतलं रसायन फुटतं आणि व्हिनेगरचा वास सुटतो, हे त्यांना ऐकूनच ठाऊक.

"आपले गोरुले ज्यात गेले त्या अपघाताआधी पाण्याचा व्हॉल्व्ह मी स्वतः तपासला होता," ते यंदाच्या सुरक्षा सप्ताहातही म्हणाले.

पहिल्या रांगेतले रुमाल वर गेले. लोक गहिवरले, असं दरवर्षीप्रमाणे समजून साहेबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

मग गोरुलेंच्या पत्नी मालनताई शाल-श्रीफळ घ्यायला मंचावर आल्या.

"ताई, रडू नका."

"रडत नाही हो. वासाने डोळे चुरचुरतात. नऊ वर्षं झाली, साहेब, कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

साहेबांचे कान तापले. त्यांनी समोरच्या रुमालांकडे पाहिलं. सगळे नाकावर होते, डोळ्यांवर एकही नव्हता.

"माइक चालू आहे अजून," मालनताई म्हणाल्या.

"नव्हता तपासला," साहेब पुटपुटले. "मॅच बघत बसलो होतो."

एकेक रुमाल खाली आला. मालनताईंचा पदर तेवढा आता डोळ्यांकडे गेला.