मालकीण

पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत सोडलेली दांडी वृषालीने वर ओढली. टोकाला लावलेल्या, पाणी ओळखणाऱ्या पेस्टचा रंग बदलला होता. पेट्रोलमध्ये पाणी शिरलं होतं. बाहेर दसऱ्याच्या गाड्यांची रांग लागलेली.

"पाणी तळाशी बसतं. वरचं पेट्रोल चालतं," वडील खुर्चीतून म्हणाले. जन्मभर हा पंप त्यांनीच चालवला होता.

"पूर्वी चालायचं, अप्पा. आता त्यात इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं. नियमाने विक्री थांबवायला हवी."

अप्पांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग काठी टेकत उठले आणि स्वतःच फाटकात आडवी दोरी बांधली.

"अप्पा, माझ्यापुरतं तरी द्या की!" रांगेतला पहिला म्हणाला.

"मला नका विचारू," अप्पा म्हणाले. "पंपाची मालकीण आत उभी आहे. ती नाही म्हणालीय."