एकाच कार्डावर

निवडणुकीवरून माझ्या दोन्ही मुलांचं असं काही वाजलं की घरातलं बोलणंच थांबलं. पण इतिहासाचं वेड दोघांनाही, आणि वाचनालयाचं कार्ड एकच. पुस्तक बदलायला मीच जाते.

परवा ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "काकू, आता घरात प्रत्येकाला वेगळं कार्ड मिळतं. करून देऊ?"

मी घाईघाईने म्हटलं, "नको हो! 'तुझं वाचून झालं का?' एवढं एकच वाक्य उरलंय दोघांत."

त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "पण या इतिहासाचा हा शेवटचा खंड."

"अगं बाई! मग पुढे?"

त्या हसल्या. "यातलं सगळं खोडून काढायला दुसऱ्या एकाने बारा खंड लिहिलेत."

माझा जीव भांड्यात पडला. पिशवी पुढे करत म्हटलं, "एका वेळी एकच द्या हं."