शिवणवालीचं वाक्य

"मॅडम, ही शिवणवाली म्हणजे माझी आईच ना?"

लेकीने पुस्तक उघडून प्राध्यापकबाईंच्या मांडीवर ठेवलं. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या; लेकीनेच बाईंना बोलावून घेतलं होतं. आत लेकीची आई अकरा दिवसांपासून व्हेंटिलेटरवर होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि शुद्ध येण्याची आशा डॉक्टरांनी सोडली होती. यंत्र काढायचं की ठेवायचं, ते एकुलत्या एका लेकीने सांगायचं होतं. कायद्याने तिला एकच प्रश्न विचारला होता: आईची स्वतःची इच्छा काय होती?

तो प्रश्न कायद्यात आणायला लावणाऱ्या बाई याच. तीस वर्षं त्यांनी डॉक्टरांना समाज शिकवला, वकिलांना आजार शिकवला आणि नीती दोघांनाही शिकवून पाहिली. "शेवटच्या विषयात दोघेही काठावर पास," असं त्या म्हणायच्या. येत्या शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या.

सगळी कारकीर्द या एका पुस्तकावर उभी होती. तरुणपणी त्या साठ घरांत गेल्या होत्या आणि लोकांना त्यांच्याच मरणाबद्दल विचारून आल्या होत्या. दोघांनी दार लावून घेतलं, बाकीचे भरभरून बोलले. पुस्तकात नाव कोणाचंच नव्हतं. पोस्टमन, शिक्षिका, शिवणवाली, एवढीच ओळख.

शिवणवालीचं वाक्य तर न्यायाधीशांनीही निकालात घेतलं होतं. 'मला अडवून धरू नका. माझा हात गरम असतानाच लेकीला तो सोडू द्या.'

"आई हे पुस्तक सगळ्यांना दाखवायची," लेक म्हणाली. "वाचलं मात्र कधीच नाही. फार जड आहे गं, म्हणायची. शिवणवाली हा शब्द सापडला, तिथे दोरा घालून ठेवला. बस्स."

"मला सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "वचन दिलेलं असतं आम्ही."

हे त्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगायच्या. नुसतं नाव झाकून भागत नाही, शेजारीपाजारी धंद्यावरूनही माणूस हुडकून काढतात, त्याचाही बंदोबस्त करावा लागतो. एका हुशार मुलाला त्यांनी एवढ्याशा चुकीसाठी नापास केलं होतं.

"वचन आईलाच दिलं होतं ना?" लेकीचा आवाज फुटला. "मग ते माझ्यासाठी मोडलंत तर ती रागावेल का तुमच्यावर?"

बाईंनी पुस्तक मिटलं.

"मला निबंध नको, मॅडम. तिनेच म्हटलंय, एवढं कळलं तरी मी सही करीन. नाहीतर सही केली तरी खात राहील मला, नाही केली तरी खात राहील."

दारात डॉक्टर आला. घाई नाही, म्हणाला, आणि घड्याळाकडे पाहिलं.

बाईंना ते घर अजून स्वच्छ आठवत होतं. एकच खोली, खिडकीपाशी मशीन, तोंडात टाचण्या धरून बोलणारी बाई. वर्गात, परिषदेत, कोर्टात, जिथे जिथे ते वाक्य सांगायची वेळ आली, तिथे तिथे हाच चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर यायचा. सव्वीस वर्षं येत होता. आता त्या चेहऱ्याची लेक समोर बसून रडत होती, आणि बाईंना आपल्या नियमांची मनापासून लाज वाटली.

"हो," त्या म्हणाल्या. "त्या तुमच्याच आई."

लेकीने त्यांना घट्ट मिठी मारली. अकरा दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे सैल पडले. मग तिने डोळे पुसले, आत जाऊन सही केली आणि बाईंनाही आत बोलावलं.

यंत्र काढल्यावर चाळीस मिनिटं गेली. लेक आईचा हात धरून काहीबाही सांगत होती, घरातलं, ऑफिसातलं, मध्येच एकदा हसलीसुद्धा. डॉक्टरने मान हलवल्यावर तिने तो हात आपल्या गालाला लावला, मग अलगद चादरीवर ठेवला.

"गरम होता, मॅडम," ती म्हणाली. "तिला हवं होतं तसंच झालं."

बाईंना हुंदका आवरला नाही. एवढी पुस्तकं लिहिली, पण आपला कोणाला खरंच उपयोग झाला, तो आज, असं त्यांना वाटलं.

दुपारी त्या विद्यापीठात, आपल्या विभागात गेल्या. गुप्तता मोडली तर त्याच दिवशी नोंद करायची, हा नियम त्यांनीच केला होता. नोंदवही कोरी होती. निवृत्त होता होता पहिलं नाव आपलंच लागणार, म्हणून त्यांना जरा हसूही आलं. कोणाला सांगितलं, का सांगितलं, सगळं त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं. मुलाखतीचा क्रमांक तेवढा राहिला.

त्यासाठी कपाटातलं मोहोरबंद पाकीट फोडावं लागलं. आत साठ नावांची यादी होती. शाई फिकी झाली होती. लेकीच्या आईचं नाव लगेच सापडलं. क्रमांक तेवीस. पुढे आणखी एक रकाना होता आणि त्यात बाईंच्याच तरुण अक्षरात लिहिलं होतं: 'ओळख पटू नये म्हणून धंदा बदलला. पुस्तकात: शिक्षिका.'

बाईंनी यादी खाली ठेवली. मग त्यांनी मुलाखतींच्या गठ्ठ्यातून तेविसावी काढली आणि शेवटच्या प्रश्नाखालचं उत्तर वाचलं.

'लेक रोज येऊन शेजारी बसेल ना? मग ठेवा की मला, कितीही दिवस ठेवा. मला बोलता नाही आलं तरी तिचं ऐकू येईल.'