पिठाचा डबा

गावच्या पोरापोरींना नोकऱ्या लागाव्यात म्हणून बायांच्या गटाने विहारात अभ्यासिका काढली आणि दारात अध्यक्षीण सुंदराबाईला बसवलं. तिचा धाक असा की माशीही विचारून आत जाई. फोन मुका करायचा, तिच्याजवळच्या पिठाच्या डब्यात टाकायचा, मगच आत.

"आजी, आज अमरावतीच्या दवाखान्याचा फोन येणार हाय, नोकरीचा," प्रियदर्शनी म्हणाली. "पडद्यावर 'दवाखाना' आलं की मले आवाज देजो."

"देतो न वं. मले काय दिसत नाही का? जाय, बस पुस्तक घेऊन."

संध्याकाळी पोरीने डब्यातून फोन काढला. चार फोन येऊन गेले होते. तिने उलट लावला, तर जागा दुसरीला दिलेली.

"आजी, चारदा आला व्हता. तू पाह्यलं नाही?"

"डोया लागला व्हता माहा."

तीन वर्षांत सुंदराबाई दारात कधी पेंगली नव्हती. आजही चमकलेला प्रत्येक फोन तिने डोळ्यांशी धरून पाहिला होता. पण गटाच्या कागदांवर झोकात करायची ती सही सोडली, तर तिला एक अक्षर येत नव्हतं. आत वाचता येणारी बावीस पोरं बसली होती; तिने एकालाही हाक मारली नाही.