पहिला ठिपका

घाटकोपरच्या शाळेत नववीला गणित शिकवणाऱ्या अनुपमाबाईंनी फळ्यावर मोठा त्रिकोण काढला आणि टेबलावर ल्युडोचा फासा ठेवला. "पहिला ठिपका कुठेही द्या. प्रत्येक कोपऱ्याला फाशाचे दोन-दोन आकडे. मग आधीच्या ठिपक्यापासून फासा सांगेल त्या कोपऱ्याकडे अर्ध्या अंतरावर जायचं आणि तिथे नवा ठिपका द्यायचा. जयवंत, सुरुवात तू कर."

"बाई, त्याला नको!" मॉनिटर मृणालिनी ओरडली. "वाट लावेल तो."

नापास होऊन पुन्हा नववीतच बसलेल्या जयवंतला वर्गातलं कोणी खेळायलाही घेत नसे. तो शेवटच्या बाकावरून उठला आणि रागाने त्याने फळा सोडून भिंतीवरच ठिपका दिला. सगळे हसले.

"चालेल," बाई म्हणाल्या. "पुढे कोण?"

मुलं दोरी दुमडून अर्धं अंतर मोजू लागली. दुसरा ठिपका फळ्याच्या कडेला पडला, तिसरा त्रिकोणाजवळ, मग सगळे आत. फासा कसाही पडत होता, तरी मधली जागा कोरीच राहिली आणि तिच्याभोवती तीन त्रिकोण दिसू लागले. त्या प्रत्येकात पुन्हा तसेच तीन. मधली सुट्टी झाली तरी कोणी जागचं हलेना.

जयवंत भिंतीपाशीच उभा होता. "माझा एकटाच बाहेर राहिला," असं पुटपुटत तो तळहाताने ठिपका पुसायला गेला.

मृणालिनी आडवी आली. "ए येड्या, पुसतोस काय? आमचे सगळे तुझ्यापासूनच निघाले ना!"