ओवीतलं नाव

अमृत सरांनी पुस्तक उघडलं आणि माइकजवळ वाकून ओवी वाचली.

"घाट चढता चढता, धाप लागली उन्हाला
जानकू येतो न्यायाला, पंचमीच्या सणाला."

"इथे मी चेतनगुणोक्ती अलंकार योजला आहे," ते म्हणाले. "उन्हाला माणसासारखी धाप लागते. आणि जानकू हा कोणी माणूस नव्हे. ते पावसाचं प्रतीक आहे."

अवसरी बुद्रुकच्या त्या मंगल कार्यालयात सरांच्या पहिल्या काव्यसंग्रहाचं प्रकाशन होतं. खुर्च्या भराव्यात म्हणून बोलावलेल्या बचत गटाच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. दळताना दुसऱ्या ओळीत बाई भावाचं नाव घेते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

मोहिनी चौथ्या रांगेत उभी राहिली. याच सरांनी आहुपे गावातल्या घरी तिच्या आईसमोर मोबाइल धरला होता, ओव्या जतन करतो म्हणून. आठवड्यापूर्वी पुस्तक हाती आलं तेव्हा मोहिनीने एकेक ओवी ताडून पाहिली. बेचाळीसच्या बेचाळीस आईच्या. आईचं, लंकाबाईचं, नाव मात्र एकाही पानावर नव्हतं.

"सर, पाऊस आलाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मामा, उठ."

शेजारचा म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. "मी जानकू. तळेघरचा. पंचमीला बहिणीला न्यायला मीच जायचो, राव. लई चढ व्हता."

कार्यालयात हशा पिकला. मोहिनीला ते हसू गोड लागलं, पण पुरलं नाही. सर सावरले होते.

"लोकसाहित्य सगळ्यांचंच असतं, ताई," ते शांतपणे म्हणाले. "त्याला मालक नसतो."

मोहिनीचे कान तापले. ती बोलणार, तेवढ्यात पलीकडे बसलेल्या लंकाबाईने तिला हाताने खाली बसवलं. डोळे मिटून तिने तिथूनच सूर लावला.

"जात्याखालचं पीठ माझं, नेलं सुपानं सुपानं
अमृत मास्तर खातो, त्याची भाकर तुपानं."

मग मागच्या रांगेतल्या एकीने सवयीने दुसरी ओळ उचलली. दुसरीने उचलली. तिसऱ्या खेपेला सगळ्या बायका गात होत्या, आणि चार-पाच मोबाइल वर झाले होते.

सर स्टेजवरून घाईघाईने खाली आले. खांद्यावरची शाल जमिनीवर लोळत होती.

"लंकाबाई, पुरे करा. पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव घालतो."

"घाला की, सर," लंकाबाई म्हणाली. "मी बी तुमचं ओवीत घातलंय. परवा तळेघरला लग्नाची हळद दळायची हाय. तिथनं फुडं ही ओवी कुठवर जाईल, ते मला बी ठावं न्हाई."